गल्लीची कांडी

"आण्णा, भूपालला खाज सुटते ती तुमच्या अत्तरानं," मी म्हटलं, आणि कट्ट्यावर चहाचे कप होते तिथंच थांबले.

कल्लाप्पाण्णांची मिशी आणि कल्लाप्पाण्णांचं अत्तर, ह्या दोन गोष्टींवर आमच्या गल्लीत कुणी तोंड उघडत नसे. आण्णांचं सायझिंग होतं. इचलकरंजीच्या आमच्या भागातल्या निम्म्या मागांचं सूत त्यांच्याकडं खळ लावायला जायचं. गल्लीच्या मंडळाचे अध्यक्षही तेच. आण्णा कोपऱ्यावर वळायच्या आधी त्यांचा वास यायचा, आणि आण्णा निघून गेले तरी तो मागं बसून चहा पिऊन जायचा.

"शिद्या," आण्णा म्हणाले, "तुझी जीभ एक दिवस धोट्यात घालून मागावर चढवतो बघ."

"चढवा की. पण आधी सांगा, भूपालला दवाखान्यात सोडायला कोण जातं? तुम्ही. बुलेटवर मागं कोण बसतं? भूपाल. तुमच्या कॉलरला नाक लावून अख्खा रस्ता कोण जातो? भूपाल. आणि तिथं पोचला की अंग कुणाचं खाजतं? ह्याला पुरावा म्हणतात आण्णा."

आता कप खाली आले आणि माणसं हसली. मी शिदू बुगड, स्पीकर भाड्यानं देणारा. गल्लीतल्या एकूण एक माणसाला मी एप्रिल फूल करून बसलो होतो, आणि त्यासाठी कधी एप्रिलची वाट बघितली नव्हती. त्यामुळं माझं बोलणं कोणी मनावर घेत नसे. त्यात सुख होतं.

पण विषय सुखाचा नव्हता. भूपाल चौगुले आमचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. नुसता आवाज ऐकून मागाचं दुखणं सांगायचा. त्याच्या स्वतःच्या किडन्या मात्र आवाज न करता बंद पडल्या. तेव्हापासनं आठवड्यातनं तीनदा डायलिसिस. हातात दोन सुया, एकीतनं रक्त बाहेर, दुसरीतनं आत. मधल्या वाटेवर एक नळी असते, मनगटाएवढी जाड, आत केसासारख्या पोकळ धाग्यांचा जुडगा. रक्त तिच्यातनं गाळून निघतं. आमची गल्ली मागवाल्यांची, धोट्यात सुताची कांडी घालणाऱ्यांची, तेव्हा तिला सगळे कांडीच म्हणायचे.

तर ती कांडी दवाखान्यात प्रत्येक पेशंटची वेगळी ठेवत, औषधानं धुऊन त्यालाच परत परत लावत, आणि बरीच वापरून झाली की नवी काढत. तशी सगळीकडंच रीत. पण भूपालला अधनंमधनं खाज सुटायची हे आण्णांच्या कानावर गेलं, आणि कांडी धुऊन वापरतात हेही गेलं. झालं. आण्णा पेटले.

"आमच्या गल्लीचा माणूस आणि धुतलेली कांडी? दुधाची पिशवी हाय का ती, धुऊन वाळत घालायला?"

मंडळानं ठराव केला. भूपालला दर वेळी नवी कोरी कांडी, गल्लीतर्फे. पहिलं खोकं आलं तेव्हा खंडेनवमीला नव्या मागाची करतात तशी त्याची पूजा झाली. हळदकुंकू, फुलं, नारळ. स्पीकर माझाच होता. भूपाल हात जोडून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्यानंतर खाज कमी व्हायची ती वाढली. नुसती खाज नाही, तोंड लाल व्हायचं, श्वास अडकायचा, छातीत शिट्टी वाजायची. दोनदा अर्ध्यात थांबवून घरी पाठवला होता. त्यावरनंच त्या दिवशी कट्ट्यावर वाद चालला होता.

"अत्तर न्हाई आणि फित्तर न्हाई," आण्णांनी मिशीवर हात फिरवला. "त्या धुतलेल्या कांड्यांचं औषध अंगात मुरलंय त्याच्या. नव्या कांड्या ते बाहेर काढायला लागल्यात, म्हणून जोर झालाय. मुरलेलं विष निघताना त्रास देणारच. ह्या महिन्यात सगळं साफ. लावतो पैज."

"लावली. मी म्हणतो अत्तर."

"हरला तर?"

"हरणाऱ्यानं जिंकणारा सांगेल ते करायचं. गल्लीसमोर. कुरकुर न करता."

"दिला शब्द."

"मलाबी घ्या त्या पैजेत," मागनं आवाज आला. राजमती वहिनी, भूपालची बायको. दारात शिलाई मशीन टाकून ब्लाउज शिवायच्या, त्यामुळं कट्ट्यावरचा शब्दन् शब्द त्यांना ऐकू जायचा. त्यांनी दोरा दातानं तोडला. "माझं म्हणणं, तुम्ही दोघंबी हरणार."

"मग कारण काय वहिनी?"

"ते मला ठावं न्हाई. पण तुम्हा दोघांच्या डोक्यातनं निघालंय म्हणजे ते नसणार, एवढं ठावं हाय."

गल्ली हसून लोळली. पैज तिघांत पक्की झाली.

पुढच्या वारी आण्णा अत्तर न लावता आले. आण्णा अत्तराशिवाय म्हणजे देवळाला कळस नाही. कुत्र्यानं सुद्धा ओळखलं नाही, भुंकलं. आण्णांनी आंघोळ दोनदा केली होती, शर्टही अत्तर न लागलेला, नव्या घडीचा. "पंच म्हणून तू चल," मला म्हणाले. "मागनं कुरकुर नको."

मी स्कूटरवरनं मागोमाग गेलो. दवाखान्याच्या दारात आण्णांनी बुलेट लावली आणि गाडीवरच बसून राहिले.

"आत चला की."

"तू जा. मी गाडीकडं बघतो."

"गाडीला काय धाड भरलीय?"

आण्णा इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "रक्त बघवत न्हाई रे मला. कुठं बोलशील तर बघ."

मी ते सोन्यासारखं खिशात घातलं. पुढंमागं कामाला येईल म्हणून.

आत एसीचा गारवा, रांगेनं खुर्च्या, प्रत्येकीशेजारी एक मशीन. भूपाल आपल्या खुर्चीत बसला. मशीनवर काम करणारा तौफिक बोलका पोरगा. मी त्याला आल्या आल्या विचारलं, "हे रक्त फिरवता ते परत त्याचंच घालता न्हवं? का बदली होतं? न्हाईतर संध्याकाळी भूपाल माझ्यासारखा चावट व्हायचा." तौफिक हसला, भूपालही हसला. मग तौफिकनं कपाटातनं नव्या कांडीचं पाकीट काढलं आणि टर्रकन फाडलं.

त्या टर्रकन आवाजाला भूपालचं हसू पुसलं गेलं. त्यानं डोळे मिटले. मोकळ्या हातानं खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

मी बघत राहिलो. काय आहे, खोड्या काढण्यात माझा जन्म गेला. पाठीला शेपूट चिकटवलेला माणूस रस्त्यानं चालला की त्याला कळलंय की नाही हे मला लांबनं कळतं. ज्याला कळलेलं नसतं त्याची मान सैल असते. ज्याला कळलेलं असतं आणि तरी तो दाखवत नाही, त्याची मान अशी ताठते. भूपालची मान ताठली होती. अजून कांडी मशीनला लागलीसुद्धा नव्हती.

मग ती लागली. सुया गेल्या, रक्ताची लाल रेघ नळीतनं पळाली, कांडी भरली. मी आपला अत्तराचा निकाल काय लागतो म्हणून खुशीत बसलो होतो. आणि थोड्याच वेळात भूपाल मान खाजवायला लागला. मग छाती. तोंड लाल, डोळे सुजले. श्वास घ्यायला तोंड उघडलं तर आतनं फाटक्या पिपाणीसारखा आवाज.

"सिस्टर!" तौफिक ओरडला. मशीन थांबलं. कोणी ऑक्सिजन लावला, कोणी इंजेक्शन दिलं. ड्युटीवरचा डॉक्टर धावत आला. मला बाहेर काढत होते. भूपाल माझ्याकडं बघत होता. तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की ज्याच्यावर आम्ही कट्ट्यावर चहा पीत पैजा लावतो ते हे आहे. माणूस पाण्यात बुडताना काठाकडं बघतो तसा तो बघत होता.

तो सावरला. बाहेर आण्णा गाडीवर बसून होते. मला बघून म्हणाले, "काय? निघालं विष?"

मी भूपालला हात द्यायला परत आत गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भूपालकडं गेलो. वहिनी ब्लाउज पोचवायला गेल्या होत्या. तो कॉटवर पडून होता, पाय सुजलेले. मी दार ओढून घेतलं.

"भूपाल्या, पाकीट फाडलं की का घाबरतोस?"

"कुठं घाबरतोय?"

"मला शिकवू नको. तुला ठावं हाय कशानं होतंय ते."

बाहेर माग खडखडत होते. त्यातला एक नीट चालत नव्हता, मला नाही कळत, पण भूपालच्या कपाळावरच्या आठीवरनं कळलं. मग तो म्हणाला, "नवा माग पहिल्या दिवशी कुरकुरला तर दोष मागाचा. जुना कुरकुरला तर सुताचा बघायचा. मी आधी बी बघितलं होतं शिदू. जुनी धुतलेली असली की काय सुदीक व्हायचं न्हाई. नवी काढली की त्या दिवशी तेवढी खाज. तवा थोडी होती. आता दर वारी नवी, म्हणून दर वारी."

"म्हणजे गल्लीनं दिलेल्या कांडीनंच?"

"हळू बोल."

"डॉक्टरीणबाईंना सांगितलंस?" किडनीच्या डॉक्टर इनामदार पंधरवड्यातनं एकदा कोल्हापूरहून यायच्या.

"त्यांनीच विचारलं होतं. जुनी लावायची तेव्हा होत होतं का म्हणून. दोनदा विचारलं."

"मग?"

"व्हय म्हणालो. तसंच व्हायचं म्हणालो."

मी उठून उभा राहिलो. "का? का असं बोललास?"

"आण्णा दवाखान्याच्या दारात थांबत्यात, उन्हात. आत यायचं धाडस न्हाई तरी बुलेट घेऊन येत्यात. गल्लीनं नारळ फोडला. म्हाताऱ्या बायांनी खोक्याला ओवाळलं. त्यांना काय सांगू? तुमच्या नारळानं माझा जीव चाललाय म्हणून सांगू?" त्यानं कूस बदलली. "मी ठरवलंय. आता जायचंच न्हाई. थकलो म्हणून सांगतो. कुणाला वाईट वाटायचं कारण न्हाई."

"न जाऊन काय होतं ठावं हाय?"

"ठावं हाय."

तो हे असं म्हणाला की जणू उद्या कामावर सुट्टी टाकतोय. मला राग आला, असा की कानशील गरम झालं. "भीड भिकेची बहीण म्हणत्यात. तुझी भीड तर मसणवट्याची सासू हाय रे! लोकांना वाईट वाटू नये म्हणून मरतोस? आणि मेल्यावर त्यांना गोड वाटंल व्हय?"

"तू कुणाला बोलायचं न्हाई. शपथ घे."

"न्हाई घेत."

"शिदू, तुझ्या पाया पडतो. आण्णा मोडून पडतील. माझी शपथ हाय तुला, तोंडातनं शब्द काढायचा न्हाई."

मी त्याच्याकडं बघितलं आणि माझं डोकं चालायला लागलं. तोंडातनं शब्द काढायचा नाही. ठीक आहे. खोडी काढायला तोंड लागतंच असं कुठं आहे?

"शपथ घेतली," मी म्हटलं. "पण मग माझं एक ऐक. परवा एकदाच चल. शेवटचं. माझं अत्तर हरलंय, पण आण्णांचं विषबी हरायला पाहिजे, न्हाईतर जन्मभर मिशी पिळून दाखवतील मला. माझ्यासाठी चल."

तो हो म्हणेल हे मला माहीत होतं. मित्राला नाही म्हणायचं त्याच्या पोटातच नव्हतं. ज्या भिडेनं तो मरायला निघाला होता तिलाच मी कामाला लावलं. आणि परवा डॉक्टर इनामदारांचा वार होता, तेही मी बघून ठेवलं होतं.

मग आण्णांना गाठलं, भर कट्ट्यावर. "आण्णा, परवा पंच तुम्ही. आत खुर्चीसमोर बसायचं."

"मला काम हाय."

"काम हाय, का दुसरंच काय हाय? सांगू का चौघांना, तुम्ही गाडीकडं का बघत बसता ते?"

आण्णांची मिशी थरथरली. "येतो," ते दातओठ खात म्हणाले. "पण तू एक दिवस माझ्या हातनं मरणार हायस."

त्या दिवशी आण्णा आत आले ते देवळात चोरी करायला आल्यासारखे. दोन्ही बाजूंच्या मशीनकडं न बघता, नजर थेट भूपालच्या चेहऱ्यावर खिळवून बसले. मला तेच हवं होतं. वहिनीही आल्या होत्या, त्या भूपालच्या उशाशी उभ्या. मी भिंतीला टेकून, तोंड घट्ट मिटून.

"काय शिदूभाऊ, आज गप्प?" तौफिकनं विचारलं.

मी ओठांवर बोट ठेवलं.

तौफिकनं पाकीट काढलं. टर्रकन फाडलं.

भूपालची मान ताठली. डोळे मिटले. दांडा धरलेल्या हाताची बोटं पांढरी पडली. मी आण्णांकडं बघितलं. आण्णा बघत होते. मी हनुवटीनं एकदा भूपालच्या हाताकडं दाखवलं, एकदा तौफिकच्या हातातल्या पाकिटाकडं, आणि परत भिंतीला टेकलो.

आण्णा काही मूर्ख नव्हते. सुताच्या लडीला नुसतं बोट लावून खळ कमी पडली का जास्त ते सांगणारा माणूस.

"थांब रे," आण्णा म्हणाले.

तौफिक थांबला.

"भूपाल. अजून लागली न्हाई ती. मग तू का घाबरलास?"

"न्हाई आण्णा, काय न्हाई."

"डोळे उघड. माझ्याकडं बघ." आण्णांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "माझ्या कांडीनं होतंय?"

वहिनींनी तोंडावर हात नेला. भूपाल वर बघेना.

"आण्णा, तुम्ही सगळ्यांनी एवढ्या मायेनं..."

"माया बाजूला ठेव. व्हय का न्हाई, तेवढं बोल."

मशीनचा टुकटुक आवाज येत होता. भूपालनं माझ्याकडं बघितलं. मी दोन्ही हात वर केले, म्हणजे मी शब्दही काढलेला नाही.

"व्हय आण्णा," तो म्हणाला. "जुनीनं न्हाई व्हायचं. नवीनं व्हतंय."

आण्णा बसल्या जागी थोडे लहान झाले. मग एकदम उठले आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडले, "डॉक्टरीणबाईंना बोलवा! आत्ता!"

डॉक्टर इनामदार आल्या. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "चौगुले, मी तुम्हाला हेच विचारलं होतं ना? दोनदा? तुम्ही जुन्यानंही होतं म्हणालात, म्हणून मी धुण्याचं औषध, रक्त पातळ करायचं औषध, चिकटपट्टी, सगळं बदलून बघत बसले!"

भूपाल खाली मान घालून म्हणाला, "चुकलं बाई."

"ह्यो लबाड हाय," वहिनी म्हणाल्या. रडत होत्या आणि त्याच्या खांद्यावर बुक्क्या मारत होत्या. "मला सुदीक बोलला न्हाई!"

मग बाईंनी समजावलं. नव्या कांडीतले जंतू मारायला कारखान्यात एक गॅस वापरतात. त्याचा अंश आत राहतो. बहुतेकांना काही होत नाही, पण एखाद्याच्या अंगाला तो चालत नाही, आणि परत परत गेला तर अंग जास्तच बिथरतं. एकदा वापरून धुतलेल्या कांडीतनं तो निघून गेलेला असतो. "गॅसऐवजी वाफेनं जंतू मारलेली कांडी मिळते. कोल्हापूरहून उद्या सकाळपर्यंत मागवते. तीही लावायच्या आधी भरपूर सलाइन सोडून धुऊन घेऊ. मला वाटतं ह्यानं थांबेल. पण खात्री बसवूनच होईल. इंजेक्शन भरून समोर ठेवू. बसाल ना?"

सगळे भूपालकडं बघत होते. त्यानं सुजलेल्या पायांकडं बघितलं, वहिनींकडं बघितलं.

"बसतो," तो म्हणाला. आणि मग, अर्धं आयुष्य ज्या माणसानं कुणाकडं काही मागितलं नाही तो म्हणाला, "पण उद्या आण्णा नकोत आत. त्यांच्याकडं बघून मलाच चक्कर येती."

आण्णा खरंच भिंत धरून उभे होते. रक्तही न बघता.

बाहेर आल्यावर वहिनींनी डोळे पुसले, पदर खोचला. "अत्तर हरलं. मुरलेलं विष हरलं. जिंकलं कोण?"

आम्ही दोघं एकमेकांकडं बघायला लागलो.

"उद्या सकाळी, ह्यांना घेऊन निघायच्या आधी, दोघं मंडळाच्या बोर्डाखाली हजर व्हा," वहिनी म्हणाल्या.

सकाळी आम्ही हजर झालो तर गल्ली आमच्या आधी हजर होती. माझाच स्पीकर लावला होता, माझ्या परवानगीशिवाय. वहिनींच्या हातात दोन शर्ट. कापड कालच मागावरनं उतरलेलं, कोरंकरकरीत, पाण्याचा थेंब न लागलेलं. खळ तशीच, पुठ्ठ्यासारखं कडक.

"हे घालायचं. आत बनियन न्हाई. वरचं बटण लावायचं. इथं उन्हात उभं राहायचं आणि आम्ही परत येस्तोवर कुणी खाजवायचं न्हाई." माइकवरनं वहिनींचा आवाज दोन गल्ल्यांत गेला. "आमच्यात पोरीबाळींना सुदीक कळतं की कोरं अंगाला लावू नये, आधी धुऊन घ्यावं. ह्या दोन शाण्यांना कळलं न्हाई, म्हणून."

"सूत कुणाकडचं वहिनी?" कोणीतरी विचारलं.

"आण्णांच्या सायझिंगचं. खळबी त्यांचीच."

गल्लीनं शिट्ट्या मारल्या. आण्णांनी निमूटपणे शर्ट घातला, बटण लावलं. मीही घातला. शर्ट मुद्दाम तंग शिवले होते. रिक्षा भूपालला आणि वहिनींना घेऊन गेली. जाताना भूपालनं मागं वळून बघितलं, हात हलवला.

एप्रिलचं ऊन. घाम सुटला तशी खळ ओली झाली आणि अंगाला हजार मुंग्या लागल्या. मी दातांखाली जीभ धरून उभा होतो. आण्णांची मिशी एकटीच हलत होती. बाया लाटणी घेऊन पहाऱ्याला बसल्या होत्या. कुणाचा हात वर गेला की लाटणं आपटायचं.

"शिद्या," आण्णा ओठ न हलवता म्हणाले, "अर्ध्यात परत आला तर?"

"आला न्हाई अजून."

"मागच्या वेळी ह्या टायमाला आला होता."

"म्हणून तर सांगतोय. आला न्हाई अजून."

रस्त्यावर रिक्षा वाजली की आमचे दोघांचे जीव वर यायचे. भाजीवाल्याची निघाली. शाळेची निघाली. प्रत्येक रिक्षा दुसऱ्याची निघाली की आण्णा सुस्कारा सोडायचे आणि त्या सुस्काऱ्यानं शर्ट आणखी घासायचा. जेवढा उशीर होईल तेवढं बरं, आणि जेवढा उशीर होईल तेवढी खाज. आयुष्यात मी असा आनंद भोगला नाही. पाठीवर आग लागलेली आणि मनात, देवा, अजून येऊ देऊ नको, अजून येऊ देऊ नको.

ऊन डोक्यावरनं कललं. लाटणीवाल्या बाया पाळीपाळीनं जेवून आल्या. आण्णांच्या गालावरनं घामाचे ओघळ चालले होते, निदान मी ते घामाचेच समजलो.

मग रिक्षा आली. आधी वहिनी उतरल्या. त्यांनी काही सांगितलं नाही, नुसत्या बाजूला झाल्या. मागनं भूपाल उतरला. कुणाचा हात न धरता. तोंड लाल नाही, डोळे सुजलेले नाहीत. हातावर दोन पट्ट्या आणि केस जरा विस्कटलेले, एवढंच.

गल्लीनं वाट सोडली. तो चालत आमच्यासमोर आला. आण्णांच्या ताठ कॉलरकडं बघितलं, गळ्यावर उठलेल्या लाल चट्ट्यांकडं बघितलं.

"पूर्ण झालं," तो म्हणाला. "शेवटपर्यंत झालं. काय सुदीक झालं न्हाई."

आण्णांनी नुसती मान हलवली. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, मुठी आवळून ते तसेच उभे. अंगभर खाज उसळली होती, पण गल्लीसमोर अध्यक्षांनी अंग खाजवायचं म्हणजे काय, ते काही त्यांच्यानं होईना.

भूपालनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"खाजवा की आण्णा," तो म्हणाला. "भीड कसली धरताय?"

आण्णांनी एकदा त्याच्याकडं बघितलं. आणि मग मंडळाच्या बोर्डाचा खांब पाठीला लावून, म्हशीसारखे डोळे मिटून, वरखाली वरखाली असे घासायला लागले की बोर्डच हलायला लागला.